आई-बाबांना घेऊन मेक्सिकोतल्या ग्वानाह्वातो या डोंगराळ गावी जायचंय. आईचे गुडघे दुखतात. पोचायचं कसं, आणि गावात गाडी घ्यावी का?

गाडी घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी हाताशी असलेली बरी, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. पण या गावातले बरेच बोळ पायऱ्यांचे आहेत, त्यामुळे गाडी असली तरी चढ चुकत नाही. शिवाय बरीचशी वाहतूक जमिनीखालच्या बोगद्यांतून चालते. त्यातला मुख्य रस्ता म्हणजे जुन्या नदीचं पात्र. नदीला सारखे पूर यायचे, म्हणून तिला दुसरीकडे वळवलं आणि १९६० च्या दशकात त्या पात्रातून गाड्या धावायला लागल्या. आत मोबाइलचा नकाशा गोंधळतो, आणि चुकीच्या फाट्याला लागलात तर गावाच्या भलत्याच टोकाला बाहेर पडता.

मेक्सिको सिटीहून येणार असाल तर सेंट्राल देल नोर्ते स्टँडवरून थेट आरामबस मिळते, साधारण पाच तास लागतात. विमानानं आलात तर सिलाओजवळच्या बाहीओ विमानतळावरून टॅक्सी करा. बसस्टँड गावाबाहेर आहे, तिथूनही टॅक्सीच बरी. गावातल्या टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं विचारून घ्या.

आता खरी गोष्ट, राहायची जागा. आम्ही नकाशा बघून मुख्य चौकापासून जेमतेम तीनशे मीटरवरची खोली घेतली होती. टॅक्सीवाल्यानं बोळाच्या तोंडाशी बॅगा उतरवल्या आणि वर बोट दाखवलं. समोर दगडी पायऱ्याच पायऱ्या. चाकांच्या बॅगा काय कामाच्या! हे गाव सुमारे दोन हजार मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच, त्यामुळे पहिल्या दिवशी धाप लवकर लागते. माझी आई अर्ध्यातच एका उंबऱ्यावर टेकली. तेवढ्यात खांद्यावर वीस लिटरचा पाण्याचा जार घेतलेला एक माणूस आमच्या बाजूनं झपाझप वर गेला. थोड्या वेळानं रिकाम्या हातानं परत आला, काही न विचारता मोठी बॅग उचलली आणि आमच्या पुढे चालू लागला. पैसे काही घेईना.

म्हणून बुकिंग करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: गाडी दारापर्यंत येते का, आणि तिथून पायऱ्या किती? स्पॅनिशमध्ये ‘कुआंतोस एस्कालोनेस?’ एवढं पुरतं. हार्दीन दे ला उनिओन ही झाडांची बाग, प्लासा दे ला पास हा चौक आणि तिथून मेर्कादो इदाल्गो या बाजारापर्यंतचा पट्टा त्यातल्या त्यात सपाट आहे. महाग पडला तरी तिथेच राहा. ऑक्टोबरात सेर्वान्तिनो हा कलामहोत्सव असतो, तेव्हा खोल्या फार आधी घ्याव्या लागतात.

ला वालेन्सियाना ही चांदीची जुनी खाण आणि तिथलं चर्च गावाच्या वर आहे. तिकडे टॅक्सीनं जा.

टेकडीवरच्या पिपिला या स्वातंत्र्ययुद्धातल्या वीराच्या पुतळ्यापाशी मात्र आई-बाबांना नक्की न्या. तेआत्रो हुआरेस या नाट्यगृहाच्या मागून फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोरानं ओढली जाणारी छोटी रेल्वे, वर जाते. संध्याकाळी वरून पाहिलं की पिवळी, गुलाबी, निळी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी दिसतात. बरेच जण सांगतील की वर फ्युनिक्युलरनं जा आणि उतरताना चालत या. तुमच्या-आमच्यासाठी ते ठीक आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त छळतो. आई-बाबांचं तिकीट जाण्या-येण्याचं काढा. तुम्ही बोळांतून सावकाश खाली या. तोवर त्या दोघांना हार्दीनमधल्या झाडांखालच्या बाकावर बसू द्या.