ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीलाही चेन लागते का?

प्रश्न : कॅलिफोर्नियातील माझा मुलगा हिवाळ्यात लेक टाहो या बर्फाळ डोंगराळ भागात जाणार आहे. गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) असल्याने चेनची, म्हणजे बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळीची, गरज नाही, असे तो म्हणतो. हे बरोबर आहे का? – एक वाचक, निपाणी

उत्तर : अर्धेच बरोबर आहे. तेथे बर्फाळ रस्त्यांवर चेनचे नियम टप्प्याटप्प्याने लागू होतात. त्यातील ‘आर-2’ या दुसऱ्या टप्प्यानुसार चारही चाकांना बर्फावर चालण्यासाठीचे खास टायर असलेल्या अशा गाडीला चेन चढवण्यापासून सूट असली, तरी चेन गाडीत बाळगणे बंधनकारकच असते. ‘आर-3’ हा सर्वांत कडक टप्पा लागू झाल्यावर कोणालाच सूट नाही. चारही चाकांना ताकद मिळाल्याने गाडी चढ चढते खरी, परंतु थांबते ती टायरच्या पकडीवरच, आणि चोर्ला घाटातल्या पावसाची सवय गोठलेल्या उतारावर मुळीच कामाला येत नाही. हातमोजे घालून चेन घरीच एकदा चढवून पाहायला त्याला आवर्जून सांगा.