पेजची किल्ली कुणाकडे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

धंद्याचं किंवा संस्थेचं सोशल मीडिया पेज काढताना काय अडतं ते कळवा म्हटलं होतं. पत्रं, मेसेज भरपूर आले. रंग कुठला घेऊ, लोगो कसा करू हे विचारणारे थोडे, बाकी सगळे "पेज आहे पण आमच्या हातात नाही" या गटातले. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

प्रश्न : आमचं गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. काही वर्षांमागं कमिटीतल्या एका मुलानं फेसबुक पेज काढून दिलं, छान चाललं होतं. मुलगा नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला. आता आम्हाला पेजवर काही टाकता येत नाही आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही. पासवर्ड कसा मिळवायचा? की सरळ नवीन पेज काढू?
— कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : काका, पासवर्ड शोधत बसू नका, पेजला स्वतःचा पासवर्ड नसतोच. फेसबुक पेज कुणाच्या तरी वैयक्तिक प्रोफाइलमधून उघडतं, म्हणजे तुमचं पेज आज त्या मुलाच्या प्रोफाइलला चिकटलेलं आहे, आणि त्याचा स्वतःचा पासवर्ड तो तुम्हाला देणार नाही, मागूही नका, त्यात त्याचे घरचे फोटो न् मेसेज सगळं आलं.

त्याला फोन करा, पाच मिनिटांचं काम आहे. त्यानं प्रोफाइलवरून पेजवर स्विच करायचं, सेटिंगमध्ये पेज अ‍ॅक्सेस नावाचा भाग शोधायचा, तिथं तुमचं नाव अ‍ॅड करायचं आणि "फुल कंट्रोल"चं बटण चालू करायचं. हे बटण लोक विसरतात, मग समोरच्याला पोस्ट टाकता येते पण माणसं जोडता-काढता येत नाहीत, आणि दोन वर्षांनी परत तोच घोळ. तुम्हाला इन्व्हाइट येईल, ते स्वीकारलं की झालं. त्याला लगेच काढून टाकायची घाई करू नका, आधी अजून एका माणसाला फुल कंट्रोल द्या, मगच त्याचे आभार मानून त्याचं नाव काढा.

अ‍ॅडमिन म्हणून तुमचं नाव लोकांना दिसत नाही; ते दिसेल अशी भीती बऱ्याच ज्येष्ठांना असते म्हणून सांगतो. पोस्ट वाचनालयाच्या नावानंच जाते. पेजबद्दलच्या माहितीत पेज कधी सुरू झालं, आधी नाव काय होतं, चालवणारे कुठल्या देशात आहेत एवढंच लोकांना बघता येतं.

मुलगा फोनच उचलत नसेल तर काम अवघड. मेटाकडे, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीकडे, कागदपत्रं देऊन दाद मागता येते, संस्थेचा नोंदणी दाखला, तुमचं ओळखपत्र वगैरे, पण त्यात वेळ जातो आणि हमी काही नाही. तोवर नवीन पेज काढून नोटीस बोर्डावर न् सभासदांच्या ग्रुपवर कळवून टाका. पुढं जुनं हाती आलंच तर दोन्ही एकत्र करता येतात, अट एवढीच की दोन्हींची नावं सारखी हवीत आणि दोन्हींवर तुमचा फुल कंट्रोल हवा.

आणि एक करा. कार्यकारिणी बदलली की बँकेतल्या सह्या बदलायचा ठराव करता ना, त्याच ठरावात पेजचं एक वाक्य घाला : पेजवर फुल कंट्रोल कुणाकुणाकडे आहे, दोन नावं. इतिवृत्तात आलं की पुढच्या कमिटीला शोधाशोध नाही.

नवीन काढताना कृपा करून प्रोफाइल काढू नका. पहिलं नाव "सार्वजनिक", आडनाव "वाचनालय", जन्मतारीख स्थापना दिनाची, असली प्रोफाइल गावोगाव आहेत. प्रोफाइल हे माणसासाठी असतं, संस्थेच्या नावाचं कधीही बंद होऊ शकतं. एका संस्थेनं तर स्थापनेचं खरं वर्ष टाकलं, २०१६, आता १३ वर्षांखालच्याला फेसबुक अकाउंट देतच नाही, त्यामुळे संस्था अल्पवयीन ठरली!

प्रश्न : मी घरगुती मसाले आणि दिवाळीचा फराळ करते. ऑर्डरी माझ्या प्रोफाइलवरूनच घेते. आता फ्रेंड लिस्ट भरली, नवीन गिऱ्हाइकं रिक्वेस्ट पाठवतात ती घेता येत नाहीत. मुलगी म्हणते इन्स्टा काढ, भाचा म्हणतो वेबसाइट काढ. नेमकं काय करू?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : ताई, प्रोफाइलला ५००० मित्रांची मर्यादा आहे, पेजच्या फॉलोअर्सना नाही. पण मुख्य कारण ते नव्हेच. नुसता धंदा चालवायला वैयक्तिक प्रोफाइल वापरणं फेसबुकच्या नियमात बसत नाही, आणि उद्या कुणी तक्रार करून ते बंद पडलं तर तुमच्या ऑर्डरी, ओळखी, नातवंडांचे फोटो सगळं एकदमच जाईल, तेही नेमकं धनत्रयोदशीच्या तोंडावर. त्यामुळे पेज काढाच, आणि मुलीला पण फुल कंट्रोल देऊन ठेवा.

नाव ठेवताना "होममेड मसाले" असलं ठेवू नका, त्या नावानं शोधलं तर तुमच्याआधी शंभर जणी येतील. तुमचं किंवा घराण्याचं नाव, वस्तू आणि गाव असं काहीतरी जोडा. नाव देवनागरीत ठेवलं तरी चालतं, मी तर म्हणेन ठेवाच, पण यूजरनेम मात्र रोमन अक्षरात घ्या कारण मराठी माणूससुद्धा शोधताना बहुतेक वेळा रोमनमध्येच टाइप करतो. फेसबुक आणि इन्स्टा दोन्हीकडं तेच यूजरनेम मिळतंय का आधी बघा, पाकिटावर छापायला एकच पुरतं. पाकिटावरून आठवलं, एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा खात्याचा) १४ आकडी नंबर काढलाय ना? नसेल तर आधी तो, मग पेज. काढला असेल तर पेजच्या माहितीतही टाका, अनोळखी गिऱ्हाईक तो बघतं.

फोन नंबरचं जरा नीट ऐका. घरचा नंबर पेजवर टाकू नका, रात्री साडेअकराला "हाय" येतात. वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस टाका. साधं व्हॉट्सअ‍ॅप आणि बिझनेस अ‍ॅप दोन्ही एका फोनमध्ये राहतात, फक्त एकच नंबर दोन्हीकडं चालत नाही. घरात लँडलाइन अजून असेल तर तीसुद्धा चालते, कोड फोन करून सांगतात. या बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपमध्ये कॅटलॉग आहे, तिथं प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि किंमत लिहा.

होय, किंमत लिहा. "रेटसाठी इनबॉक्स करा" ही पद्धत कुणी काढली देव जाणे. चकलीचा सुंदर फोटो असतो आणि खाली बघावं तर "रेट?" "रेट प्लीज" "किलोचा काय भाव" "पुण्याला मिळेल का" अशी रांग, उत्तर एकालाही नाही, आणि चौथ्या दिवशी मालकीणबाईंचं "मेसेज केलाय बघा". तोवर विचारणाऱ्या बाईनं दुसरीकडून चकल्या घेऊन खाल्ल्यासुद्धा. पोस्टमध्येच भाव, वजन, कुठं कुठं पोचवता, ऑर्डरची शेवटची तारीख एवढं लिहिलं की निम्मे प्रश्न येतच नाहीत. फोटो खिडकीशी सकाळच्या उजेडात काढा, ट्यूबलाइटखाली भाजणीची चकली पण आजारी दिसते. एक फोटो ताटलीतला, एक पाकिटाचा लेबल वाचता येईल असा, बास.

जुन्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टनं कळवा. एका लिस्टमध्ये २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो, हे माहीत नसल्यानं "मी सगळ्यांना पाठवलं, कुणी बघतच नाही" असं होतं. पाकिटात एक चिठ्ठी टाका, "हा नंबर सेव्ह करा" म्हणून.

इन्स्टा नंतर काढा, मुलगी सांभाळणार असेल तरच. वेबसाइट सध्या नको. त्यापेक्षा गूगलवर बिझनेस प्रोफाइल काढा, फुकट आहे. गिऱ्हाइकाकडं जाऊन माल देत असाल तर घरचा पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात डिलिव्हरी देता तेवढं दाखवता येतं.

प्रश्न : माझं हॉटेल आहे. पेज आणि जाहिराती एका एजन्सीकडं दिल्या होत्या, दर महिन्याला पैसे देत होतो. आता काम थांबवलं तर म्हणतात पेज आम्ही बनवलं, आमच्याच खात्यात राहील.
— एक हॉटेलवाले, कोल्हापूर

उत्तर : हे आजकाल फार ऐकू येतं. दादा, मेटामध्ये बिझनेस पोर्टफोलिओ म्हणून प्रकार असतो, म्हणजे धंद्याची पेजं न् जाहिरातीची खाती एकत्र ठेवायची जागा; पेज एका वेळी एकाच पोर्टफोलिओच्या मालकीचं राहू शकतं, आणि एजन्सीनं ते स्वतःच्यात टाकलेलं दिसतंय. तिथून ते त्यांनीच सोडावं लागतं. पेजच्या सेटिंगमध्ये कुठल्या पोर्टफोलिओला जोडलंय ते बघून स्क्रीनशॉट काढून ठेवा, पैसे दिल्याच्या पावत्या, सुरुवातीचे मेसेज, करार असेल तर करार, सगळं गोळा करून आधी लेखी मागणी करा. तोंडी भांडत बसू नका. बहुतेक वेळा वकिलाच्या एका नोटिशीत काम होतं.

दुसऱ्या एजन्सीला देताना उलटं करा. पोर्टफोलिओ तुमच्या नावानं, पेज त्यात, जाहिरातीचं खातं पण तुमचं आणि पैसे तुमच्याच यूपीआयवरून. एजन्सीला पार्टनर म्हणून जोडायचं आणि पोस्ट न् जाहिराती एवढंच काम उघडायचं. काम संपलं त्या संध्याकाळी पार्टनर काढला की विषय संपला. जी एजन्सी याला नाही म्हणेल तिला काम देऊ नका, कितीही गोड बोलत असली तरी.

प्रश्न : आमचं गणेशोत्सव मंडळ आहे. आरतीची रील टाकली की आवाज जातो, असं का? आणि पेजवर वर्गणीचा क्यूआर टाकला तर चालेल का? अमेरिकेतले गाववाले पण पाठवतो म्हणतायत.
— एक कार्यकर्ता, पुणे

उत्तर : आरतीचे शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे, त्यावर कुणाचा हक्क नाही, पण तुम्ही लावता ते रेकॉर्डिंग कंपनीचं असतं आणि भारतात रेकॉर्डिंगवर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. शिवाय बिझनेस अकाउंटला इन्स्टावर सिनेमाची बरीच गाणी मिळतच नाहीत. उपाय तुमच्याच मांडवात आहे, स्पीकर बंद करा आणि पोरं टाळ वाजवत आरती म्हणतात ती रेकॉर्ड करा. ढोल-ताशाचं पण तसंच, पथकाचा खरा आवाज घ्या, वरून गाणं चिकटवू नका.

क्यूआर टाका, पण मंडळाच्या बँक खात्याचा. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्याचा टाकलात तर माणूस कितीही सरळ असला तरी विसर्जनानंतर चर्चा होणारच. मंडळाची नोंदणी नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क खाली परवानगी लागते, ती काढली असेल तर तिचा क्रमांक पोस्टमध्ये लिहा.

अमेरिकेचं मात्र जपून. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्यानं तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी, त्याचे पैसे विदेशी देणगीत मोडतात आणि त्याला एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखाली, नोंदणी किंवा आधी परवानगी लागते. "परदेशस्थ बांधवांनीही सढळ हाताने मदत करावी" असलं वाक्य त्यामुळे पेजवर नकोच. त्यांना लाइव्ह दर्शन दाखवा, ते फुकट आहे.

प्रश्न : आमच्या क्लासच्या पेजला मेसेज आला की कॉपीराइट मोडल्यामुळे २४ तासांत पेज कायमचं बंद होणार, खालच्या लिंकवर अपील करा. घाबरून गेलोय.
— एक शिक्षक, नांदेड

उत्तर : सर, लिंक दाबू नका. चोरांचा मेसेज आहे. मेटाचं चिन्ह लावून कुठलं तरी पेज हे पाठवतं, लिंक उघडली की हुबेहूब फेसबुकसारखं पान येतं, तिथं पासवर्ड टाकला की पेज गेलं. खरोखर काही कारवाई झाली असेल तर ती तुमच्याच पेजच्या सेटिंगमध्ये, पेज स्टेटसमध्ये दिसते, तिथं बघा. दाबून पासवर्ड टाकून झाला असेल तर हे वाचायचं थांबवून आधी पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट करा. आणि जेवढे अ‍ॅडमिन आहेत तेवढ्या सगळ्यांनी टू-फॅक्टर (पासवर्डनंतर कोडही मागतं ते) चालू करा, एकानं नाही केलं तरी चोर त्याच्याकडूनच आत येतो.

प्रश्न : ५०० रुपये टाकून पोस्ट बूस्ट केली, लाइक खूप आले, गिऱ्हाईक एकही नाही. पैसे वाया गेले का?
— सायकल दुकानदार, जळगाव

उत्तर : गेले. काय बूस्ट केलं होतं? तुम्ही पाठवलेल्या फोटोत संक्रांतीच्या शुभेच्छा आहेत, कोपऱ्यात दुकानाचं नाव. लोकांनी शुभेच्छांना लाइक केलं, त्यांना सायकल कुठं दिसली? शाळा सुरू व्हायच्या आधी पोरांच्या सायकलचा फोटो, भाव आणि दुकानाची खूण अशी पोस्ट बूस्ट करा. भाग निवडताना अख्खा महाराष्ट्र ठेवू नका, नकाशावर दुकानाभोवती काही किलोमीटरचा घेर घ्या, रत्नागिरीचा माणूस सायकल घ्यायला जळगावला येत नाही. आणि लाइकऐवजी मेसेज किंवा कॉल हे उद्दिष्ट निवडा. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो तो हिशोबात धरा, तुमचा जीएसटी नंबर असेल तर खात्यात भरा, क्रेडिट घेता येतं. पण पैसे भरायच्या आधी पेजवर दिलेला नंबर एकदा दुसऱ्याच्या मोबाइलवरून लावून बघा. आम्ही लावला होता, तो नंबर अस्तित्वात नाही म्हणतो.