इंदूरच्या हवेत २५ सिगार टिकवण्यासाठी परवडणारा ह्युमिडॉर कोणता घ्यावा?

आपला प्रश्न असा आहे की भावाने परदेशातून आणलेले सुमारे २५ सिगार इंदुरातल्या घरी वर्षभर टिकवायचे आहेत, खर्चाची मर्यादा ४,००० रुपये आहे, तर ऑनलाइन दिसणाऱ्या काचेच्या झाकणाच्या लाकडी पेट्यांपैकी कोणती घ्यावी, आणि सिगारवरचे सेलोफेन काढावे की ठेवावे. पहिल्या भागाचे माझे उत्तर थोडे निराश करणारे आहे: त्यांपैकी एकही पेटी घेऊ नये. एवढ्या पैशांत घट्ट बसणारे झाकण क्वचितच मिळते, आणि ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारची ओल राखणाऱ्या पेटीत, खरे मोल झाकणालाच असते.

हे मी अनुभवाने सांगतो. रामबागेतल्या आमच्या घरी मी काही वर्षांपूर्वी २,३०० रुपयांची अशीच एक चकचकीत पेटी मागवली होती. मे महिन्यात त्यातला एक सिगार हातात घेतला, तर वरचे पान कांद्याच्या वाळल्या सालीसारखे वाजले आणि बोटांखालीच उकलले. पेटीच्या दर्शनी बाजूला बसवलेला आर्द्रतेचा काटा मात्र शांतपणे ७० टक्के दाखवत होता. तो काढून जेवणाच्या टेबलावर ठेवला, तिथेही ७०. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गच्चीवर नेला, तिथेही जेमतेम दोन टक्क्यांचा फरक. रात्री दिवे घालवून मोबाइलची बॅटरी लावून तो पेटीत ठेवला आणि झाकण लावले, तेव्हा बिजागरीच्या बाजूने प्रकाशाची सरळ रेघ भिंतीवर उमटली. झाकणात दहाची नोट अडकवून ओढली, तर ती अलगद बाहेर आली. आपल्याकडे आधीच एखादी पेटी असेल, तर या दोन्ही परीक्षा आजच करून पाहाव्यात; त्यांना पैसे पडत नाहीत.

सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान मानवते. माळव्यातल्या रात्रींचे कौतुक कितीही झाले, तरी एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि हवा अगदी कोरडी पडते, तर श्रावणात कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर बुरशी धरते. म्हणजे एकाच डब्याने उन्हाळ्यात ओल आत राखायची आणि पावसाळ्यात तीच बाहेर थोपवायची, अशी दोन उलट कामे करायची आहेत. फटी असलेली लाकडी पेटी बाहेरच्या हवेबरोबरच श्वास घेते, त्यामुळे तिच्याकडून यांतले एकही काम नीट होत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की चारही बाजूंना कड्या आणि झाकणात रबरी पट्टी असलेला जाड प्लॅस्टिकचा हवाबंद डबा घ्यावा. तो नवा हवा. मसाल्याचा, लोणच्याचा किंवा हिंगाचा डबा कितीही घासला तरी चालणार नाही, कारण तंबाखू वास शोषून घेतो आणि मग तो सोडत नाही. नवा डबाही धुऊन दोन-तीन दिवस उघडा ठेवावा, म्हणजे प्लॅस्टिकचा वास जातो. लाकडाची हौस असेल तर सिगारच्या रिकाम्या खोक्यातल्या सीडरच्या पातळ पट्ट्या आत ठेवाव्यात. ज्याला स्पॅनिश सीडर म्हणतात ते लाकूड स्पेनचेही नाही आणि खरे सीडरही नाही. ते अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशांत वाढणारे, महोगनीच्या कुळातले झाड आहे. आपल्याकडचा तून त्याच कुळातला. ते ओल धरते, हळूहळू परत सोडते आणि त्याला सुरेख वास असतो. सुताराकडून सागवानाची किंवा प्लायची पेटी करून घेण्याचा विचार मात्र सोडावा, कारण सागाचा स्वतःचा तेलकट वास आणि प्लायमधल्या सरसाचा वास, दोन्ही सिगारमध्ये उतरतात.

ओल राखण्यासाठी पेटीबरोबर येणारा स्पंजचा तुकडा वापरू नये. तो पाणी फक्त सोडतो, जास्तीची ओल परत घेत नाही. बोवेदा या कंपनीच्या असतात तशा ओल राखणाऱ्या पाकिटांत मिठाचे संपृक्त द्रावण असते आणि त्यांच्या पापुद्र्यातून केवळ वाफ ये-जा करते, त्यामुळे डब्यातली हवा कोरडी झाली तर ती ओल देतात आणि दमट झाली तर शोषतात. हवाबंद डब्यासाठी ६५ टक्के आर्द्रता राखणारी पाकिटे घ्यावीत. ६९ ची पाकिटे लाकडी पेटीसाठी ठीक, कारण तिथे थोडी ओल लाकूडच पिते. साधारण २५ सिगारांमागे ६० ग्रॅमचे एक पाकीट पुरते, तरी मी दोन ठेवतो. पाकीट हाताला खडखडीत लागू लागले की ते संपले असे समजावे.

आता हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता दाखवणारा मापक. साधा डिजिटल पुरतो, पण तो तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते, ते हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की सुटते, आणि तपासणीची युक्ती याच गुणधर्मावर उभी आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्यावे आणि त्यात थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखे करावे. मीठ विरघळून पाणी वर दिसू लागले तर पाणी जास्त झाले. हे झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत एकमेकांना न लागतील असे बंद करून २४ तास घरात एका जागी ठेवावे. आत ७५ टक्के दिसायला हवेत. माझा ६९ दाखवत होता, म्हणून त्याच्या मागे कागद चिकटवून त्यावर ‘+६’ असे लिहिले आहे.

डबा, दोन पाकिटे आणि हायग्रोमीटर मिळून मला दोन हजारांच्या आतबाहेर खर्च आला. उरलेल्या पैशांत वर्षभराची पाकिटे येतील.

एक गोष्ट मात्र डब्याने सुटत नाही, ती म्हणजे उष्णता. तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिले की तंबाखूत असलेली किड्यांची अंडी उबू शकतात आणि सिगारला टाचणीने टोचल्यासारखी भोके पडतात. हाच किडा हळद, मिरची आणि धण्यांतही होतो, त्यामुळे डबा स्वयंपाकघराच्या कपाटात ठेवण्याची चूक करू नये. आपले सिगार आधी झिपच्या दुहेरी पिशवीत घालून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस खाली फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि बाहेर काढल्यावर ते खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडू नये, नाहीतर पानांवर पाणी धरेल. कायमचे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. तिथली हवा फार कोरडी असते आणि शेजारी कालची लसणाची चटणी असते.

डब्याची जागा आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात असावी. तो आठवड्यातून एकदा मिनिटभर उघडावा, पण कूलर चालू असताना त्याच्या झोतासमोर नको. आत थोडी जागा मोकळीही राहू द्यावी, सिगार ठासून भरू नयेत.

सेलोफेनबाबत म्हणाल, तर ते राहू द्यावे. त्यातून ओल हळूहळू ये-जा करतच असते, आणि महिन्यातून चार वेळा सिगार हाताळून पाहण्याची सवय लागते (ती लागतेच), तेव्हा वरचे पान फाटण्यापासून तेच वाचवते. काही सिगारांना बहुधा सेलोफेन नसेल, ते वेगळ्या थरात सीडरच्या पट्टीवर ठेवावेत.