वाचकांचे प्रश्न : गोड आवाजावर पोट भरता येईल का?

प्रश्न : मी २७ वर्षांची असून बार्शीतील एका पतसंस्थेत लिपिक आहे. शाळेपासून सूत्रसंचालन करत आले आहे आणि आवाज गोड असल्याचे सगळेच सांगतात. मला व्हॉइसओव्हर कलाकार, म्हणजे जाहिराती, निवेदने यांना केवळ आवाज देणारी कलाकार, व्हायचे आहे. पुण्यातील एका प्रशिक्षणवर्गाने तीन महिन्यांसाठी ४५,००० रुपये मागितले असून नंतर काम मिळवून देण्याची हमी दिली आहे. बोलताना माझ्याकडून ‘ण’ऐवजी ‘न’ येतो, याचीही धास्ती वाटते. नोकरी सोडून हा वर्ग करावा का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नोकरी सोडू नका आणि कामाची हमी देणाऱ्या वर्गाला पैसे देऊ नका. या व्यवसायात प्रत्येक कामासाठी आवाज नव्याने निवडला जातो. नमुने ऐकून जाहिरातदार किंवा दिग्दर्शक ठरवतो, त्यामुळे अशी हमी देणे कोणाच्याच हातात नसते. चांगला शिक्षक शिकवण्याचे पैसे घेतो, आश्वासनाचे नाही.

आता गोड आवाजाविषयी. गोडवा ऐकणाऱ्याला पहिली काही सेकंदे धरून ठेवतो, त्यानंतर त्याला अर्थ हवा असतो. तुमच्याच कामातले वाक्य घ्या : ‘आपल्या खात्यात पुरेशी शिल्लक नाही.’ फोनवरील ध्वनिमुद्रित सूचनेत हे वाक्य वाचताना ‘शिल्लक’वर जोर दिला, तर खाते रिकामेच आहे असे वाटते; ‘पुरेशी’वर दिला, तर पैसे आहेत पण कमी पडत आहेत, हे कळते; आणि ‘आपल्या’वर दिला, तर समोरच्या माणसाला उगाच दोषी ठरवल्यासारखे होते. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नवख्या वाचकाचा श्वास नेमका तिथे संपतो, म्हणून सर्वांत महत्त्वाचे ‘नाही’ गिळले जाते. दूरदर्शनच्या बातम्यांमुळे घराघरांत पोहोचलेले आणि पुढे जाहिरातींनाही आवाज देणारे प्रदीप भिडे यांचे वाचन आठवून पाहा; त्यांच्या भारदस्त आवाजाचे कौतुक सगळेच करतात, पण वाक्याचा शेवट ते ज्या स्वच्छपणे पोहोचवत, तो मला त्या आवाजाहून मोठा गुण वाटतो. आजही मी पेन्सिल घेतल्याशिवाय संहितेला हात लावत नाही : श्वास कुठे घ्यायचा तिथे उभी रेघ, जोराच्या शब्दाखाली आडवी रेघ आणि अनोळखी नावाभोवती वर्तुळ, म्हणजे त्या नावाचा उच्चार आधी विचारून घ्यायचा.

तुमच्यासाठी अभ्यास असा : रोज वर्तमानपत्राचा अग्रलेख मोबाइलवर दहा मिनिटे वाचून ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच ऐकल्यास आपण काय म्हणायचे ठरवले होते तेच कानाला ऐकू येते. रात्र मध्ये गेली की प्रत्यक्षात काय म्हटले ते ऐकू येते. हा अभ्यास सहा महिने नेमाने झाला, तर वर्ग हवा की नको हे तुमचे तुम्हालाच कळेल.

‘ण’ची धास्ती सोडा. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावण्याची ती सवय आहे, आणि ‘पाणी’, ‘कोण’, ‘आणि’ हे शब्द रोज आरशासमोर म्हटले की ती लागते. त्याहून अवघड आहेत ते ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’. ‘जरा थांब’ मधला ‘जरा’ आणि वार्धक्य या अर्थाचा ‘जरा’ लिहायला सारखेच असले, तरी त्यांचे उच्चार वेगळे आहेत आणि ते कागदावर दिसत नाहीत. मात्र प्रमाण उच्चार शिकताना बार्शीची बोली पुसून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बियाण्यांच्या जाहिरातीत शेतकरी बाई बोलते तेव्हा आणि कथेत गावाकडची आजी येते तेव्हा हीच बोली लागते, आणि ती ओढूनताणून आणलेली असली की गावातल्या माणसाला पहिल्याच वाक्यात कळते.

आकाशवाणीचे सोलापूर केंद्र तुमच्याजवळ आहे. आकाशवाणीची केंद्रे नैमित्तिक उद्घोषकांसाठी वेळोवेळी अर्ज मागवतात आणि लेखी व आवाजाची चाचणी घेतात. नाट्यकलाकारांची ध्वनिचाचणी वेगळी असते. निवड झाल्यास महिन्यातील मोजक्याच पाळ्या मिळतात, म्हणून तिला पगार समजू नका, पण घड्याळाच्या काट्यावर न अडखळता बोलण्याची तिथली शिस्त अन्यत्र क्वचितच मिळते.

डबिंगमध्ये पडद्यावरच्या ओठांशी शब्द जुळवावे लागतात आणि ते काम बहुतांशी मुंबईतच चालते. घरबसल्या जमण्याजोगे काम म्हणजे शैक्षणिक निवेदन आणि श्राव्य पुस्तके. श्राव्य पुस्तके ऐकवणारे स्टोरीटेल हे ॲप २०१७ मध्ये भारतात आले तेव्हापासून मराठी श्राव्य पुस्तकांचे काम वाढले आहे, परंतु तासाभराच्या तयार ध्वनिमुद्रणासाठी नवख्या वाचकाला तीन-चार तास सहज बसावे लागते, हे मानधन ठरवताना विसरू नका. सुरुवातीला दहा हजारांच्या आसपास कामचलाऊ मायक्रोफोन आणि हेडफोन येतात. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा झोत त्यावर आदळणार नाही. पंखा आणि फ्रिज बंद करा आणि कपड्यांच्या उघड्या कपाटासमोर, मागे गोधडी टांगून वाचा. मोकळ्या भिंतींवरून परतणारा आवाज नंतर काढून टाकणे फार कठीण असते.

प्रश्न : एका जाहिरातीच्या करारात माझा आवाज ‘सध्याच्या व भविष्यातील सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी’ वापरता येईल, असे लिहिले आहे. सही करावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आहे त्या स्वरूपात करू नये. माध्यम कोणते, प्रदेश कोणता आणि मुदत किती, हे तिन्ही लिहून घ्या आणि ‘या ध्वनिमुद्रणाचा उपयोग कृत्रिम आवाज तयार करण्यासाठी किंवा त्याच्या प्रशिक्षणासाठी करता येणार नाही’ हे वाक्य स्वतंत्र कलम म्हणून घाला. कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणाविषयी हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीने ते अधिक भक्कम झाले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्यास अंतरिम मनाई केली, हेही खरे. मात्र तो नामवंत गायकाचा खटला होता. तुमच्या-माझ्यासारख्यांना सहीपूर्वी लिहून घेतलेले वाक्यच अधिक उपयोगी पडते.

नमुना देतानाही हीच काळजी घ्या. उमेदवारीच्या काळात एका निर्मात्याने ‘नमुना’ म्हणून माझ्याकडून बारा मिनिटांची संपूर्ण संहिता वाचून घेतली. पुढे एका प्रदर्शनातील दालनात माझाच आवाज मला ऐकू आला, आणि मानधन मात्र आजतागायत मिळालेले नाही. तेव्हापासून मी नमुना १५ सेकंदांपलीकडे देत नाही आणि त्यात उत्पादनाचे खरे नाव घेत नाही. कलमांविषयी शंका राहिल्यास मुंबईतील ‘असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स’ या व्हॉइस कलाकारांच्या संघटनेकडे करार घेऊन जा. सही त्यानंतर करा.