फलकावर 'आम्ही' लिहावं की 'आपण'?

बडोद्यातल्याच एका वाचक ताईंनी विचारलं आहे: "सोसायटीच्या गणपतीसाठी मी मराठीतून फलक लिहिला: 'यंदाही आम्ही गणपती बसवत आहोत, सर्वांनी दर्शनाला यावे.' शेजारच्या गुजराती बेन मराठी वाचतात. त्यांनी फलक वाचला आणि म्हणाल्या, 'अमे केम? आपणे लखो ने!' ('आम्ही' का? 'आपण' लिहा ना!) माझं व्याकरण चुकलं का, की त्यांना नुसतंच वाईट वाटलं?"

ताई, त्यांना वाईट वाटलं ते व्याकरणामुळेच. तुमच्या शेजारणीचा कान पक्का आहे.

समोरच्याला सोडून बोलायचं तेव्हा 'आम्ही' आणि त्याला धरून बोलायचं तेव्हा 'आपण', हा भेद मराठीत आहे आणि गुजरातीत 'अमे' नि 'आपणे' असा तंतोतंत तोच आहे. हिंदीतल्या 'हम'मध्ये तो नाही. संस्कृतातही नव्हता. 'आम्ही' आणि 'अमे' दोन्ही प्राकृतातल्या 'अम्हे'वरून आले. 'आपण' आला 'आत्मन्'वरून, वाटेत 'अप्पण' होऊन. म्हणजे 'आपण'चा मूळ अर्थ 'स्वतः'. तो अर्थ आजही 'आपण होऊन सांगितलं' यात टिकून आहे. या 'स्वतः'मध्ये समोरच्याला सामावून घ्यायची रीत द्राविडी भाषांच्या शेजारामुळे आली असावी, असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' अशी जोडी आहे, तमिळमध्येही आहे. एका मोठ्या शेजाराकडून मिळालेली ही देणगी आपल्या रोजच्या बोलण्यात आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

भेद किती पक्का आहे ते क्रियापदावरून कळतं. 'आपण जाऊ या' म्हणता येतं, 'आम्ही जाऊ या' म्हणताच येत नाही. 'आम्ही जाऊ का?' ही परवानगी झाली, 'आपण जायचं का?' हा बेत झाला. माझी इंदूरची भाची फोनवर सांगते, "मावशी, आपण काल सराफ्यात गेलो होतो," आणि मी मनात म्हणते, मी तर इथे होते! तिच्याकडच्या बोलण्यातल्या हिंदीत 'अपन' दोन्ही कामांना चालतो, तो तिच्या मराठीत उतरला आहे. बडोद्याच्या मुलांचा असा घोटाळा सहसा होत नाही. गुजराती शेजार हा भेद रोज घासूनपुसून ठेवतो. (मुंबईकडचं 'आपण नाय घाबरत' आणि पत्रातलं 'आपण यावे' हे 'आपण'चे आणखी वेगळे अर्थ. ते आज बाजूला ठेवू.)

आता तुमचा फलक. वर्गणी सगळ्या घरांची, मांडव सगळ्यांच्या अंगणात, मग 'आम्ही' कोण? तुम्ही लिहिताना मराठी घरं मनात धरलीत. शेजारणीने वाचलं, त्यात ती नव्हती. शिवाय 'सर्वांनी यावे' म्हटल्यावर तिला स्वतःच्याच घरी पाहुणी म्हणून बोलावल्यासारखं झालं. म्हणून इथे 'आपण'च हवं.

पण यावरून 'आपण' नेहमी मोठ्या मनाचा आणि 'आम्ही' कोत्या मनाचा असं समजू नका. हा गैरसमज मला फार जणांत दिसतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'आपल्याकडे असं चालत नाही.' हे वाक्य नव्या सुनेला किती घरांत ऐकावं लागलं असेल! व्याकरणाने तिला आत घेतलं, पण तिला विचारलं कुणी? कालपर्यंत ती दुसऱ्या घरात, कदाचित दुसऱ्या भाषेत वाढली. एका 'आपल्या'ने तिचं ते सगळं पुसून टाकलं. त्यापेक्षा सासूने "आमच्याकडे असं करतात गं, तुमच्याकडे कसं करायचे?" असं विचारलं तर त्या 'आमच्या-तुमच्या'त किती तरी माया आहे. समोरचीचं वेगळेपण ऐकून घ्यायची तयारी त्यात आहे.

आणि 'आपल्यातला'? स्थळं बघताना 'मुलगा आपल्यातलाच आहे' म्हणतात, तेव्हा अर्थ एकच असतो: आपल्या जातीतला. 'तुमच्यात लसूण चालतो का?' यातला 'तुमच्यात'ही तोच. सगळ्यांना कवेत घेणारा शब्द, त्याला '-त' लागला की त्याचं कुंपण होतं. दुसऱ्या कुठल्या प्रत्ययाने माणसाला असं परकं केलेलं मी ऐकलं नाही. हे 'आपल्यातला' आपण सोडायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझं लहानपण बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलं. होळीला आई पुरणपोळी करायची आणि समोरच्या मासी वेढमी, म्हणजे गुजराती पुरणपोळी. दोघींची ताटं ओलांडून जायची. आई म्हणायची, "आम्ही हरभऱ्याच्या डाळीचं करतो हो," मासी म्हणायच्या, "अमे तो तुवेरनी दाळनुं." दरवर्षी हेच, जणू पहिल्यांदाच सांगत आहेत. आईने तुरीचं पुरण कधी केलं नाही, मासींनी हरभऱ्याचं केलं नाही. मग ओट्यावर पाट मांडले जायचे आणि मासी म्हणायच्या, "चालो, आपणे जमी लइए." डाळीपुरतं 'आम्ही', पंगतीला 'आपण'. एवढं सरळ त्यांनी मला शिकवलं, आणि त्यांना ते शिकवल्याचं माहीतही नव्हतं.

या गावाला ही सवय जुनी आहे. गायकवाडांनी 1734 मध्ये बडोदं घेतलं, तेव्हापासून राज्यकर्ते मराठी आणि प्रजा बहुतेक गुजराती. इथल्या मराठी माणसांना गुजराती लोक 'दक्षिणी' म्हणत. 'दक्षिणी' म्हटल्यावर दक्षिणेकडून आलेले, हे कायमचंच नावाला चिकटलं, पिढ्या इथे गेल्या तरी. दुसरीकडे सयाजीराव महाराजांच्या काळात, 1931 साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. त्यात आठ भाषा आहेत, गुजराती आणि मराठीसकट. एका शब्दासाठी आठ भाषांनी आपापलं घर राखायचं आणि सगळ्यांनी मिळून एक कारभार चालवायचा, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते.

आजचं बघायचं तर कुठल्याही सेव-उसळच्या लारीवर जा. उसळ आपल्या स्वयंपाकघरातली, तिच्यावरच्या झणझणीत रश्श्याचा 'तरी' हा शब्दही आपला, पण वाटाण्यावर सेव भुरभुरून पावाबरोबर द्यायची रीत इथली. लारीवाला बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगतो, "आ आपणुं वडोदरानुं सेव-उसळ." त्या 'आपणुं'मध्ये शेजारी उभी असलेली मीही असते. मी 'बडोदं' म्हणते, तो 'वडोदरा', आणि त्याने माझं काही अडत नाही.

तेव्हा ताई, फलक असा करा: वर 'आपल्या सोसायटीचा गणपती', आणि शेजारणीकडून खाली गुजरातीत 'आपणी सोसायटीना गणपति' लिहून घ्या, शब्दाला शब्द जुळेल. आरतीच्या वेळेपुढे 'आपण सगळे जमू या' लिहा. प्रसादाची यादी मात्र एकत्र करू नका. उकडीचे मोदक एका ओळीत तुमच्या नावाने, चुरमाना लाडू दुसऱ्या ओळीत त्यांच्या नावाने. ते चुरम्याचे लाडू त्या गणेशचतुर्थीला आधीपासूनच करत असतील, कधी विचारलंय का त्यांना?