बोया, दोर आणि तळाचे वजन : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न : देवगडकडील आमच्या खाडीत एका बुडीत खडकाची खूण म्हणून आम्ही २० लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन सोडला आहे. ओहोटीला तेथे ४ मीटर पाणी असते आणि उधाणाच्या भरतीला ते आणखी अडीच मीटर चढते. खाली बादलीत ओतलेले २५ किलोचे काँक्रीट आहे आणि दोर ६ मीटर आहे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांत बोया जागेवर राहतो, पण अमावास्या-पौर्णिमेला सरकतो. वजन वाढवावे की दोर?

उत्तर : दोन्ही वाढवावे लागतील. आपला बोया प्रवाहाने ओढून नेलेला नसून भरतीने उचलून नेलेला आहे, हे आपल्याच आकड्यांवरून दिसते. उधाणाच्या भरतीला पाणी साडेसहा मीटर होते आणि दोर सहाच मीटर आहे. म्हणजे कॅन पूर्ण बुडून त्याची सगळी उचल दोरावर येते. २० लिटरचा कॅन समुद्राचे सुमारे साडेवीस किलो पाणी बाजूला सारतो. त्यातून कॅनचे स्वतःचे किलोभर वजन वजा केले, तर सुमारे १९ किलोंची उचल उरते. काँक्रीटचे २५ किलो मात्र जमिनीवरचे आहेत. काँक्रीट घनमीटरला साधारण २४०० किलो भरते आणि समुद्राचे पाणी १०२५ किलो, त्यामुळे पाण्यात काँक्रीटचे ५७ टक्केच वजन शिल्लक राहते. आपला ठोकळा तळाशी १४ किलोंचा आहे आणि वर त्याला १९ किलो उचलत आहेत. भांगाला पाणी इतके चढत नसल्यामुळे हा हिशेब उघडा पडत नाही, एवढेच.

म्हणून पहिला नियम असा ठेवावा की ठोकळ्याचे पाण्यातील वजन बोयाच्या संपूर्ण उचलीपेक्षा निश्चितपणे जास्त असावे. आपल्यासाठी ५० किलो काँक्रीट, म्हणजे पाण्यात साडेअठ्ठावीस किलो, योग्य ठरेल. काळा दगड पाण्यात आपले सुमारे दोनतृतीयांश वजन राखतो आणि लोखंड ८७ टक्के. त्यामुळे भंगारातले लोखंड मिळाल्यास तेवढ्याच कामाला ठोकळा बराच लहान चालतो. ५० किलोंचा एकच ठोकळा छोट्या होडीतून कडेवरून सोडणे धोक्याचे असते. त्याऐवजी २५ किलोंचे दोन ठोकळे करून ते हातभर साखळीने जोडावेत. ओतण्यासाठी बादलीपेक्षा घमेले चांगले, कारण रुंद आणि बसका ठोकळा सहज कलंडत नाही. कडीसाठी १२ मिलिमीटरची सळी वाकवून तिची टोके काँक्रीटच्या आत आकड्यासारखी वळवावीत, आणि निदान आठवडाभर पाणी मारल्याशिवाय ठोकळा समुद्रात टाकू नये.

आता दोर. सर्वांत मोठ्या भरतीची खोली साडेसहा मीटर, त्यावर लाटेसाठी अर्धा मीटर, आणि त्या सात मीटरच्या सव्वा ते दीड पट, म्हणजे सुमारे ९ मीटर दोर घ्यावा. जहाजाच्या नांगराला पाच-सात पट दोर सोडतात, पण तेथे नांगराचे फाळ तळात रुतण्यासाठी ओढ आडवी हवी असते. केवळ वजनावर टिकणाऱ्या खुणेला इतक्या दोराची गरज नसते आणि तो नुकसानच करतो. नऊ मीटर दोरावर आपला बोया पूर्ण भरतीला ठोकळ्यापासून सुमारे ६ मीटर आणि ओहोटीला ८ मीटरपर्यंत फिरू शकेल. खडकाची खूण म्हणून हे फार वाटत असेल, तर दोर साडेसात मीटरवर आणता येईल. मग हे अंतर अनुक्रमे पावणेचार आणि सव्वासहा मीटर होईल, पण ओढ जास्त उभी होऊन ठोकळ्याला उचलू पाहील आणि वजन आणखी वाढवावे लागेल. खूण किती नेमकी हवी हे आधी ठरवून मगच दोर कापावा.

प्रवाहाचा हिशेब शेवटी येतो. सेकंदाला एक मीटर, म्हणजे साधारण दोन नॉट, वेगाच्या प्रवाहात आपल्या कॅनवर सुमारे ३ किलो आणि ८ मिलिमीटर जाडीच्या दोरावर ३ ते ४ किलोंची ओढ येते. दोरावरची ही ओढ बहुतेक जण विसरतात; ‘मजबुतीसाठी’ घेतलेला जाड दोर ठोकळ्यावरचा भार वाढवतो. वाळूच्या तळावर ठोकळ्याची पकड त्याच्या पाण्यातील वजनाच्या निम्मी धरावी, आणि तीही दोराची उभी ओढ वजा केल्यावर. या हिशेबाने ५० किलोंचा ठोकळा सात किलोंची आडवी ओढ सहन करील. परंतु ओढ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे प्रवाह दीडपट झाला की ती सव्वादोन पट होते आणि हा ठोकळा अपुरा पडतो. आपल्या खाडीच्या मुखाशी ओहोटीचा जोर तेवढा असेल, तर ठोकळ्याला चार मीटर साखळीने एक छोटा लोखंडी नांगर जोडावा. नुसते काँक्रीट वाढवत जाण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

प्रश्न : कॅनचे झाकण घट्ट लावूनही महिनाभरात आत पाणी शिरते.

उत्तर : दिवसा उन्हाने आतील हवा प्रसरण पावून झाकणातून थोडी बाहेर पडते, रात्री ती आकसते आणि त्याच फटीतून पाणी आत ओढले जाते. रोजच्या या श्वासोच्छ्वासामुळे झिरपा थोडा असला तरी पाणी साठत जाते. झाकणाखाली रबरी वायसर आणि वरून सीलंट लावावे, तसेच झाकण सकाळच्या गारव्यात बंद करावे. दोर कॅनच्या मुठीला बांधल्यास कॅन उलटा तरंगतो आणि झाकण खाली येते, हेही फायद्याचे आहे. गळती सर्वांत खालच्या टोकाला असली की हवेला सुटायला वाट मिळत नाही. आत उघडे थर्माकोल भरू नये. कॅन फुटल्यावर त्याचे दाणे सगळ्या किनाऱ्यावर पसरतात.

प्रश्न : हिरवा प्रॉपिलीन दोर स्वस्त मिळतो, पण ओहोटीला तो पाण्यावर तरंगतो आणि होडीच्या पंख्यात अडकतो. नायलॉन घ्यावा का?

उत्तर : संपूर्ण दोर नायलॉनचा घेतल्यास दुसरी अडचण येते. तो पाण्यात बुडतो, त्यामुळे ओहोटीला सैल पडलेला भाग तळावर लोळतो आणि खडकावर घासतो. वरचा निम्मा दोर नायलॉनचा आणि खालचा निम्मा प्रॉपिलीनचा घ्यावा. वरचा भाग पंख्याच्या वाटेतून खाली जातो आणि खालचा भाग तळापासून उचललेला राहतो. नवा दोर घ्यायचा नसेल, तर बोयाखाली दोन मीटरवर अर्ध्या किलोचे शिसे बांधूनही काम भागते. तळ खडकाळ असल्यास शेवटचे दोन मीटर साखळीच हवी. दोर तुटतो तो बहुधा मध्ये नव्हे, तर कडीशी घासून. म्हणून तेथे धातूची खोबण किंवा निदान जाड नळीचा तुकडा घालावा. भरती-ओहोटीबरोबर बोया फिरून दोराला पीळ भरतो, त्यासाठी एक स्विव्हल, म्हणजे स्वतःभोवती फिरणारी जोडकडी, ठेवावे. शॅकलची (पिनेने बंद होणाऱ्या जोडकडीची) पिन तारेने बांधून टाकावी, आणि जस्ताच्या मुलाम्याच्या शॅकलला स्टेनलेस कडी जोडू नये, कारण खाऱ्या पाण्यात त्या जोडीतील जस्त लवकर खाल्ले जाते.

प्रश्न : जाळ्याच्या टोकाला ३ मीटर बांबूवर बावटा लावतो. खाली किलोभर वजन आहे, तरी वाऱ्यात बावटा पाण्यावर आडवा होतो.

उत्तर : पाण्याखालचा बांबूही वर येऊ पाहतो, त्यामुळे आपले किलोभर वजन जवळजवळ त्यालाच दाबून ठेवण्यात खर्च होते आणि वाऱ्याशी झगडायला काही उरत नाही. बावटा ३० बाय ४० सेंटिमीटरचा, पाण्यापासून दीड मीटर उंच आणि वारा ताशी ३६ किलोमीटर असेल, तर त्यावर पाऊण किलोपर्यंत रेटा येतो. बांबूचा सव्वा मीटर भाग पाण्याखाली ठेवून टोकाला साडेतीन किलो लोखंड बांधल्यास बावटा २०-२५ अंश कलेल, आडवा होणार नाही. तरंगणाऱ्या गोळ्याची उचल मात्र ८ ते १० लिटरची हवी. जाळ्याचा दोर बांबूच्या खालच्या टोकाला बांधू नये, कारण तसे केले की प्रवाह वरचा भाग ढकलतो आणि दोर खालचा भाग अडवतो. तो गोळ्याच्या थोडा खाली बांधावा.

प्रश्न : उजनीच्या फुगवट्यात आमच्या पंपाच्या तोंडाशी खूण ठेवायची आहे. पावसाळ्यानंतर तेथे १४ मीटर पाणी असते, उन्हाळ्याच्या तोंडाशी ८ मीटर. दोर कितीही धरला तरी चुकतो.

उत्तर : साध्या दोराने हे जमणार नाही, पाणी उतरले की बोया भलतीकडे जाईल. तळाच्या ठोकळ्यापासून आलेला दोर बोयाखालच्या गुळगुळीत कडीतून ओवून घ्यावा आणि त्याच्या मोकळ्या टोकाला दीड-दोन किलोंचे वजन लटकवावे. पाणी उतरेल तसे हे वजन खाली जाऊन सैल दोर ओढून घेते. वजन कडीतून निसटू नये म्हणून टोकाशी मोठी गाठ ठेवावी. दोराची लांबी सर्वाधिक खोलीपेक्षा जास्त पण किमान खोलीच्या दुपटीपेक्षा कमी असावी. आपल्यासाठी साडेपंधरा मीटर योग्य आहे. बोयाला या वजनाच्या दुप्पट भार पेलावा लागतो, हे उचल ठरवताना धरावे. धरणाच्या संथ पाण्यात ही रचना चांगली चालते, पण खाडीच्या प्रवाहात तिचे दोन्ही दोर एकमेकांना गुंडाळतात, तेव्हा देवगडच्या वाचकांनी ती करू नये.

प्रश्न : बोयाला रंग कोणता द्यावा? परवानगी लागते का?

उत्तर : लाल आणि हिरवा वापरू नये. भारतात बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला आणि हिरवी उजव्या हाताला ठेवायची असते. आपल्या लाल कॅनवरून कोणी नौका भलत्या बाजूने नेली, तर ती खडकावर जाऊ शकते. पिवळा रंग विशेष खुणांसाठी ठरलेला आहे, पण खडकासारख्या धोक्याची अधिकृत खूण वेगळी असते आणि ती बसवणे खासगी व्यक्तीचे काम नव्हे. त्यामुळे खडकावरील कायमच्या खुणेबाबत महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयाशी बोलणे आवश्यक आहे.

प्रश्न : बोया किती दिवसांनी तपासावा?

उत्तर : पहिल्या उधाणानंतर लगेच, आणि पुढे दर महिन्याला. कोकणच्या पाण्यात दोन-तीन महिन्यांत दोरावर शिंपले आणि शेवाळ इतके चढते की वजन आणि प्रवाहाची ओढ दोन्ही वाढतात, तेव्हा खरवडणे भागच आहे. ठोकळ्यासह सगळे सामान मेअखेर, पावसाळी मासेमारी बंदी १ जूनला सुरू होण्यापूर्वी, बाहेर काढावे.