नाणे चुंबकाला चिकटले नाही, म्हणजे अस्सल?

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला १८८१ चा चांदीचा मॉर्गन डॉलर (जुने अमेरिकी नाणे) चुंबकाला चिकटत नाही. निश्चिंत राहू का?

उत्तर : नको. पितळही चिकटत नाही. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर हवा. झिजेने किंचित हलके चालेल, जड भरले तर संशय घ्या. खरी कसोटी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा, दोऱ्याने नाणे तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. आकडा २.६ ग्रॅमच्या आसपास थांबायला हवा. तेवढ्याच वजनाचे पितळ ३.१ पर्यंत जाते. बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो. कडेवर सांधा दिसला तर ओतीव नक्कल समजा.

नाणे घासूपुसू नका. ते या कसोट्यांत नापास झाले तर जाहिरातीचे स्क्रीनशॉट, काट्यावरचे फोटो जोडून परताव्याच्या मुदतीतच संकेतस्थळाकडे ‘बनावट वस्तू’ म्हणून तक्रार करा. विक्रेत्याशी फोनवर घासाघीस नको. सगळे लेखी ठेवा.